पडल्यापासून दोनशे सोळा तास

मंगळवार, पहाटे ४. २१६ तास बाकी.

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या आसपासची एक वस्ती. जानेवारीची थंडी, उसाचा हंगाम. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्रीची, म्हणून मुलगा पाणी धरायला रानात गेलेला. सून आतल्या खोलीत. ऐंशीच्या घरातली आजी लघवीला उठते. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, चष्मा उशाशी राहिलाय आणि रात्री बीपीची गोळी घेतलेली आहे. झोपेतून एकदम उभं राहिलं की या वयात रक्तदाब क्षणभर खाली येतो. उंबऱ्याशी तोल जातो आणि ती डाव्या अंगावर शहाबादी फरशीवर पडते.

ही आजी कोणी एक नाही. तिचे वार आणि तास मी बसवले आहेत; तिच्या शरीरात जे घडतं ते मात्र माझ्या हातचं नाही. शेवटही आत्ताच सांगून टाकतो. पुढच्या आठवड्यात गुरुवारी पहाटे ती जाईल. तोवर तिचं हाड उत्तम बसवून झालेलं असेल.

मोडला आहे तो खुबा. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो, आणि गोळ्याला हाडाशी जोडणारी एक आखूड मान असते. म्हातारपणी ठिसूळ झालेलं हाड बहुधा या मानेत मोडतं किंवा मानेच्या जरा खाली. मानेत मोडलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून तो काढून धातूचा बसवतात. खाली मोडलं तर सळई आणि स्क्रू घालून जोडतात, पण तिथे रक्तस्राव जास्त होतो. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली मोजदाद झाली, तेव्हा पन्नाशीपुढच्या एक लाख बायकांमागे वर्षाला १५९ खुबे मोडत होते आणि पुरुषांमागे १०५.

मंगळवार, सकाळी ६. २१४ तास बाकी.

सून उठते तेव्हा आजी दोन तास गार फरशीवर पडून आहे. हाक मारली होती, पण ती घरातच विरून गेली. अंग थंड पडलंय, लुगडं ओलं झालंय. शेजारचे दोघे येतात, काखेत हात घालून तिला उचलतात आणि कॉटवर ठेवतात. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं आहे. ही खूण इतकी बोलकी आहे की एक्स-रे यायच्या आधीच हाडांचे डॉक्टर दारातून निदान करतात. तिला ती टाच उचलता येत नाही, एवढंच घरच्यांनी पाहिलं असतं तरी पुरे होतं.

पण कोणी तरी म्हणतं, "मुका मार हाय. तेल लावा, शेका. दोन दिसांत उठंल."

मंगळवार, सकाळी ९. २११ तास बाकी.

तेल लागतं, शेक मिळतो. नंतर चोळणारा येतो, तो पाय ओढून पाहतो आणि आजी किंचाळते. हाडवैद्यांबद्दल मला सरसकट तुच्छता नाही. लचकलेला घोटा, सरकलेलं बोट यांवर पुष्कळांचा हात बसलेला असतो. खुब्यावर मात्र चोळण्याचा उपयोग शून्य, आणि मोडलेली टोकं हलली की आतलं रक्त आणखी वाहतं. मांडीच्या जाड स्नायूंत लिटरभर रक्त साठलं तरी बाहेर एक थेंब दिसत नाही. काळंनिळं उमटायलाही दिवस लागतात.

याहून मोठा घात कॉटपाशी होतोय.

"आत्याबाई, पाणी घ्या थोडं."

"नगं गं. परत उठवायला लागतंय."

आजी पाणी प्यायचं थांबवते, कारण पाणी प्यायलं की लघवी होणार आणि लघवीसाठी कोणाला तरी तिला हलवावं लागणार. भांडं खाली सरकवताना होणाऱ्या कळा तिनं एकदा सोसल्या आहेत. शिवाय सुनेसमोरची लाज. खुबा मोडलेल्या बाया दवाखान्यात पोचतात तेव्हा कोरड्या पडलेल्या असतात, मूत्रपिंडं ताणाखाली असतात, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशा एका वाक्यात असते. तपासणीच्या कागदावर ते वाक्य येत नाही, तिथे फक्त क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं.

मंगळवार, संध्याकाळी ५. २०३ तास बाकी.

धाकटा पुण्याला असतो. त्याला फोन होतो. तो म्हणतो, मी निघतो, उद्या सकाळी बघू. रात्रीचं कशाला न्यायचं, असं ठरतं.

बुधवार, सकाळी १०. १८६ तास बाकी.

ओळखीच्याची बोलेरो आणली आहे. मागच्या सीटवर गोधडी टाकून आजीला आडवं करतात, पाय कोणाच्या तरी मांडीवर. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून फुकट धावते, पण ती अपघाताला आणि बाळंतपणाला बोलवायची अशीच पुष्कळांची समजूत. म्हातारं माणूस घरात पडलं तर तो अपघात वाटतच नाही.

इंदापुरात एक्स-रे निघतो. फोटो खिडकीकडे धरून डॉक्टर सांगतात, "खुब्याच्या मानेत मोडलंय. बारामतीला न्या." रस्ता आता चांगला झालाय. अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे येते तोच हा मार्ग, फक्त उलट दिशेनं. पन्नासेक किलोमीटर. भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि गाडी मुंगीच्या पावलानं जाते. प्रत्येक गतिरोधकावर आजी सुनेचा हात आवळते.

बुधवार, दुपारी ३. १८१ तास बाकी.

बारामतीत दवाखान्यांची कमी नाही. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय जुनं आहे, एमआयडीसीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हाडांचे खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. आजी यांतल्या कुठे गेली हे इथे महत्त्वाचं नाही. जिथे जाईल तिथे आज हाच क्रम झाला असता असंही मी म्हणणार नाही. होऊ शकला असता, एवढंच.

खाट मिळते. सलाईन लागतं. लघवीची नळी बसते आणि सगळ्यांना हायसं वाटतं, आजीलाही. या नळीतून जंतू वर चढायला वाट मिळाली आहे, हे लक्षात ठेवायचं. पायाला चिकटपट्ट्या बांधून वजन लावतात. "वजन लावलंय" हे नातेवाइकांना फार धीराचं वाटतं, उपचार सुरू झाल्याची ती दिसणारी खूण. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेआधी असं वजन लावल्यानं दुखणं कमी होतं, याला चाचण्यांमध्ये आधार मिळालेला नाही. जे खरंच उपयोगी पडतं ते म्हणजे जांघेच्या वर मज्जातंतूंभोवती दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन. भूलतज्ज्ञाची दहा-पंधरा मिनिटं जातात आणि म्हातारं माणूस कळा न सोसता कूस बदलू शकतं. आजीला ते मिळत नाही. जांघेत नाही, दंडाला सुई मिळते, तिनं गुंगी येते.

रक्ताचे रिपोर्ट येतात. हिमोग्लोबिन साडेआठ, सोडियम खाली, क्रिएटिनिन वर.

इंग्लंडमध्ये खुबा मोडून आलेल्या माणसाची शस्त्रक्रिया दवाखान्यात आल्यापासून ३६ तासांत व्हावी असा दंडक आहे, आणि इतर निकषांसह तो पाळला तर दवाखान्याला जादा पैसे मिळतात. तिथे २००७ पासून प्रत्येक मोडलेल्या खुब्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. त्या सुमारास महिनाभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास होतं, ते पुढे सातावर आलं. नवं औषध कोणतंच सापडलं नव्हतं. वेळ मोजली गेली, आणि हाडांच्या डॉक्टरबरोबर म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून खाटेशी उभा राहिला. तो हिशेब लावला तर आजीचे ३६ तास शुक्रवारी पहाटे तीनला संपतात. पडल्यापासून ३५ तर आधीच गेले आहेत.

बुधवार, रात्री ११. १७३ तास बाकी.

आजी आईला हाक मारते. सुनेला ओळखत नाही. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते, सलाईन ओढून काढते. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, "वात झालाय." नर्स दोन्ही हात मऊ पट्टीनं कठड्याला बांधते.

हा भ्रम खुबा मोडलेल्या दर तिघा-चौघांपैकी एकाला होतो आणि तो वेडेपणा नसतो. दुखणं, कोरडं पडलेलं अंग, कमी झालेलं सोडियम, गुंगीची औषधं, अनोळखी जागा, रात्रभर जळणारी ट्यूब या सगळ्यांची ती बेरीज. चष्मा अजून घरी उशाशीच आहे. तो आणून डोळ्यांवर ठेवणं हाही इथला उपचार आहे, आणि फुकटचा. बांधलेल्या हातांनी मात्र भ्रम वाढतो. त्याहून वाईट म्हणजे आता ती हलतही नाही. माकडहाडाच्या जागेवरची कातडी गादी आणि हाड यांच्यामध्ये दाबली जातेय. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, पण कळा येतात म्हणून कोणी हात लावत नाही.

गुरुवार, सकाळी ११. १६१ तास बाकी.

शस्त्रक्रियेसाठी फिटनेस. या शब्दाभोवती चोवीस तास फिरतात. हृदयाची सोनोग्राफी करायची, पण ती करणारे डॉक्टर उद्या येणार. रक्ताच्या दोन पिशव्या लागणार. आजी रक्त पातळ करणारी गोळी घेते हे आज कळतं, तेव्हा "पाच दिवस थांबावं लागेल" असं कोणी तरी म्हणतं. बहुतेक गोळ्यांसाठी इतकं थांबायची गरज नसते, थांबण्याचा धोका रक्तस्रावाच्या धोक्याहून मोठा ठरतो, हे आता पुष्कळ देशांच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. सावध डॉक्टरला मी दोष देणार नाही. टेबलावर पेशंट गेला तर जमाव दारात येतो. खाटेवर आठव्या दिवशी गेला तर कोणी येत नाही. सावधपणा कुठल्या बाजूला झुकणार, हे त्यातच ठरतं.

विचारपूस करताना आणखी एक गोष्ट निघते. तीन वर्षांपूर्वी आजीचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं आणि विषय संपला. साध्या पडण्यात मोडलेलं मनगट ही पुढच्या खुब्याची आगाऊ सूचना असते. तेव्हाच हाडाची घनता बघून औषध सुरू करता आलं असतं. खुबा मोडल्यानंतरसुद्धा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन पुढची मोडतोड साधारण एकतृतीयांशानं कमी करतं, आणि मृत्यूही, असं २००७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. ते विलायती राहिलेलं नाही, आपल्याकडे मिळतं.

शुक्रवार, संध्याकाळी ७. १२९ तास बाकी.

पार्किंगमध्ये बैठक बसते. दोन्ही मुलगे, एक जावई, गावचे एक तात्या.

"ह्या वयात कापाकापी कशाला? झेपायचं न्हाई तिला."

"पडून ऱ्हाईल, पर जिती तर ऱ्हाईल."

तात्यांचं हे वाक्य प्रेमाचं आहे आणि नेमकं उलटं आहे. वयाला शस्त्रक्रिया झेपते. झेपत नाही ती खाट. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. दहा दिवसांत पायांचे जवळजवळ किलोभर स्नायू गेले, आणि यांतल्या कोणाचं काहीच मोडलेलं नव्हतं. आडवं पडलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही, कफ साचतो, पाण्याचा घोट श्वासनलिकेत जातो. पोटरीच्या शिरांत रक्त थबकून गुठळी होते आणि ती सुटली की थेट फुप्फुसात. ऐंशीतल्या माणसाचा खुबा दुरुस्त करतात तो त्याला पुन्हा सप्त्यात नाचवण्यासाठी नव्हे. त्याला दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवता यावं म्हणून.

इंग्लंडच्या राणीची आई जानेवारी १९९८ मध्ये घोड्यांच्या तबेल्यात पडली. वय ९७. खुबा मोडला, एका दिवसाच्या आत लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि बाई त्यानंतर चार वर्षं जगली. ती राणीची आई होती, ठीक आहे. मग बारामतीचंच उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१४ मध्ये शरद पवार दिल्लीच्या घरी पडले. चौऱ्याहत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. त्यांना विमानानं मुंबईला आणलं, ब्रीच कँडीत खुब्याची शस्त्रक्रिया झाली. १८ ऑक्टोबर २०१९ ला ते साताऱ्यात भर पावसात उभं राहून बोलले, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पार्किंगमधल्या चौघांपैकी एकालाही ही सभा आठवत नसेल असं नाही. पण तो खुबा आणि आपल्या आईचा खुबा एकाच हाडाचे आहेत हे ध्यानात येत नाही. त्यांच्याकडे विमान होतं हे खरं. विमानानं त्यांना वेळ मिळवून दिला. बारामतीतल्या आजीला विमान लागत नाही, ती दवाखान्यात येऊन दोन दिवस झाले आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण हृदयविकाराच्या झटक्यासारखी मिनिटं मोजायचा हा प्रकार नाही. १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत, त्यांत भारतातलीही होती, २,९७० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याची २४ तासांत. तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ९ आणि १० टक्के, म्हणजे फरक सांगण्यासारखा नव्हता. घाई केलेल्यांना भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. दुसरीकडे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ४२,२३० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर २४ तास उलटल्यानंतर धोका हळूहळू चढायला लागतो असं दिसलं. सहा तासांसाठी कोणी धावाधाव करायला नको. आजीला मात्र पडून ८७ तास झाले आहेत आणि तिची सही अजून बाकी आहे. म्हणजे मुलाची. तिला कोणी विचारलेलं नाही.

खर्चाचंही बोलणं होतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. आजीचं कार्ड काढायचं राहिलंय. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा, हे आठवण्यात रात्र जाते.

शनिवार, दुपारी २. ११० तास बाकी.

सही झाली. मध्यरात्रीपासून आजीच्या तोंडात पाणी नाही. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, पण "उपाशी ठेवा" म्हटलं की सगळंच बंद होतं. दोन वाजता कळतं की तातडीची दुसरी केस आली, हिला आता सोमवारी घेऊ. आजी चार चमचे पेज खाते.

रविवार. ओटी बंद.

सोमवार, सकाळी ११. ६५ तास बाकी.

कमरेत भूल, तासाभराचं काम. मोडलेला गोळा निघतो, धातूचा बसतो. डॉक्टरांचा हात उत्तम आहे. बाहेर येऊन ते एक्स-रे दाखवतात आणि खरंच, पुस्तकात छापावा असा तो आहे. मुलगे पेढे आणतात.

मंगळवार, सकाळी ९. ४३ तास बाकी.

आज तिला बसवायचं, धरून उभं करायचं. फिजिओथेरपिस्ट येते, पण आजी डोळे उघडत नाही. गुंगी आहे, उद्या बघू. कूस वळवताना सुनेला माकडहाडावर तळहाताएवढा काळसर डाग दिसतो, मधोमध कातडी सुटलेली. अंग कढत आहे. खोकला येतो, पण कफ बाहेर काढण्याएवढं बळ छातीत उरलेलं नाही. आठवडाभर ती आडवी होती. छातीत जे साचायचं ते शनिवार-रविवारीच साचून गेलं असणार.

बुधवार, रात्री ८. ८ तास बाकी.

ऑक्सिजनचं माप ८४. आयसीयू. लघवीच्या पिशवीत दिवसभरात पेलाभर गढूळ पाणी. प्रतिजैविकं बदलली आहेत. मुलगा विचारतो, "ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना, डॉक्टर?" चांगलंच झालं होतं. तात्या बाकावर बसून म्हणतात, "मी सांगत होतो, झेपायचं न्हाई." आता वस्तीवर ऑपरेशनच जबाबदार ठरेल, आणि पुढच्या घरातली आजी पडेल तेव्हा हाच दाखला दिला जाईल. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत भीती वाटते ती याची. बहुतेक देशांत खुबा मोडलेल्या दर चार-पाच म्हाताऱ्या माणसांपैकी एक वर्षभरात जातो. म्हणजे उरलेले तिघे-चौघे जगतात, काठी घेऊन का होईना हिंडतात. त्यांचा दाखला कोणी देत नाही.

गुरुवार, पहाटे ४.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ वर भरतात. त्यात कारणांची साखळी खालपर्यंत लिहायची असते: लगतचं कारण, ते कशामुळे, आणि तेही कशामुळे. नुसतं हृदय बंद पडलं असं लिहू नका, अशी सूचना त्याच कागदावर छापलेली आहे. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर पहिल्या ओळीत हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे लिहितो, दुसऱ्या ओळीत न्यूमोनिया. तिसऱ्या ओळीत घरात पडून खुबा मोडणे यायला हवं. ते लिहिलं की पोलिसांना कळवणं, पंचनामा, शवविच्छेदन हे मागे लागू शकतं, आणि नातेवाइकांना उजाडायच्या आत निमगावची वाट धरायची आहे. तिसरी ओळ कोरी राहते. जिल्ह्याच्या आकडेवारीत आजीची नोंद फुप्फुसाच्या आजारांत होते.